काम्पारी कडू लागते म्हणून साखर घालू नका: बाटली निवडण्यापासून नेग्रोनीपर्यंत

काम्पारी म्हणजे इटलीचं लाल, कडू-गोड मद्य. तिची बाटली घरात आल्यावर बहुतेक ठिकाणी एकच प्रकार होतो. कुणीतरी ती व्हिस्कीसारखी पेगमध्ये ओततं, एक घोट घेतं आणि तोंड वाकडं करतं. मग कडवटपणा मारायला त्यात गोड लिंबू-सोडा पडतो. आता ते कडूही लागतं आणि घशाला चिकटतंही. "हे तर खोकल्याचं औषध" असा शेरा मारून बाटली शोकेसमध्ये मागच्या रांगेत जाते.

इथे चूक बाटलीची नसते. काम्पारीत साखर आधीच भरपूर असते. झाकणाच्या आट्यांवर सुकलेला थेंब बोटाला लावून पाहा, पाकासारखा चिकटतो. म्हणजे गोड घालून तुम्ही जिथे कमतरता नाही तिथेच भर घालता. कडू सांभाळायची साधनं वेगळी आहेत: गारवा, पाणी, सोड्याचे बुडबुडे, चिमूटभर मीठ आणि संत्र्याच्या सालीतलं तेल. पुढची सगळी कृती याच पाचांभोवती आहे.

आधी कायद्याचं एक वाक्य. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनची वयोमर्यादा २१ असली तरी काम्पारीसारख्या मद्यासाठी ती २५ आहे, शिवाय परवाना लागतो. गोव्यात बाटली स्वस्त पडते, पण ती राज्याची हद्द ओलांडून आणण्याआधी नियम पाहा.

## टप्पा १: हातात नेमकी कोणती बाटली आहे?

निम्मे घोटाळे दुकानातच होतात. लाल-केशरी रंगाची इटालियन बाटली दिसली की ती काम्पारीच, असं समजून लोक प्रमाण ठरवतात. लेबलवरचा अल्कोहोलचा टक्का वाचा, रंगावर जाऊ नका.

काम्पारी गास्पारे काम्पारीने १८६० मध्ये नोव्हारात तयार केली आणि पुढे ती मिलानची झाली. तिचा टक्का देशागणिक बदलतो, साधारण २०.५ ते २८.५. युरोपात बहुतेक ठिकाणी २५ दिसतो. या लेखातली मापं २५ टक्के धरून आहेत.

अपेरोल पादुआची, १९१९ पासूनची. ती फक्त ११ टक्के आहे, म्हणजे ताकदीने वाइनच्याही खाली. चव गोडसर, संत्र्याची, कडू बेताचं. काम्पारीच्या जागी तेवढीच अपेरोल घातली की नेग्रोनी (जिन आणि काम्पारीचं कॉकटेल) सरबतासारखी लागते. उलट केलं तर स्प्रिट्झ (अपेरोल आणि बुडबुड्यांच्या वाइनचं पेय) झेपत नाही.

सेलेक्ट व्हेनिसची, १७.५ टक्के. कडवटपणात या दोघींच्या मधली. चिनार १६.५ टक्के, रंगाने तपकिरी, तिच्या लेबलवर आर्टिचोक या युरोपीय भाजीचं चित्र असतं. तिची चव पालेभाजीच्या अंगाने जाते, म्हणून पहिली बाटली म्हणून ती घेऊ नये.

इटलीहून येणारे नातेवाईक लेबल नसलेली, शंकूच्या आकाराची छोटी लाल बाटली हौसेने आणतात. ती म्हणजे "काम्पारी सोडा" नावाचं तयार पेय. चित्रकार फोर्तुनातो देपेरोने १९३२ मध्ये या बाटलीचा आकार केला. आत सोडा आधीच मिसळलेला असतो आणि टक्का १० असतो. ती फक्त गार करून प्यायची. तिच्यात पुन्हा सोडा घातला तर रंगीत पाणी उरतं, आणि तिने नेग्रोनी तर होतच नाही.

> सावधान: ड्युटी फ्रीमध्ये "इटालियन कडू" म्हणून विचारलं तर फर्नेट ब्रान्का हातात पडू शकते. ती ३९ टक्क्यांची, जेवणानंतर घ्यायची, काळपट आणि पुदिन्याच्या वळणाची. इथल्या कुठल्याही कृतीत ती चालणार नाही.

शाकाहारी वाचकांनी एक गोष्ट नक्की तपासावी. काम्पारीचा लाल रंग पूर्वी कोचिनील नावाच्या किड्यापासून काढत. २००६ पासून बहुतेक बाजारांत तो बदलून कृत्रिम रंग आला, पण सगळीकडे नाही. लेबलवर कार्माइन किंवा ई१२० लिहिलेलं असेल तर रंग किड्याचा आहे.

## टप्पा २: आदल्या दिवशीची तयारी

ही पायरी लोक सर्रास गाळतात आणि नंतर कृतीला नावं ठेवतात.

बर्फ. घरच्या फ्रीजरमधला बर्फ उघड्या ट्रेमध्ये आठवडाभर राहिला की त्याला मासळीचा, लसणाच्या चटणीचा, जे काही शेजारी असेल त्याचा वास लागतो. व्हिस्कीत तो एक वेळ खपतो, पण संत्र्याच्या सालीचा वास हेरायचा असेल तिथे नाही. म्हणून आदल्या रात्री पिण्याच्या पाण्याचा ताजा बर्फ लावा. मोठा खडा हवा असेल तर स्टीलच्या छोट्या वाटीत पाऊण भाग पाणी भरा, वर ताटली झाका आणि गोठवा. सकाळी वाटीची बाहेरची बाजू नळाखाली क्षणभर धरली की खडा सुटतो. मोठा खडा सावकाश वितळतो, म्हणून पेय शेवटपर्यंत टिकतं. फ्रीजरमधून काढल्या काढल्या त्यावर दारू ओतू नका, खडा तडकतो. दोन मिनिटं बाहेर ठेवा, पृष्ठभाग ओला आणि चकचकीत दिसला की घ्या.

गारवा. काम्पारी, सोडा, व्हर्मुथ (नेग्रोनीत लागणारी सुवासिक वाइन) आणि स्पार्कलिंग वाइन सगळं किमान चार तास फ्रिजमध्ये. ग्लाससुद्धा. सोडा गरम असेल तर ग्लासात पडताच निम्मे बुडबुडे उडून जातात.

माप. ३० आणि ६० मिलिचं पेग मेजर लागेलच. अंदाजाने ओतलेली नेग्रोनी दोनदा सारखी होत नाही, आणि मग बिघडलं कशामुळे हेही कळत नाही.

संत्रं. इथे नागपुरी संत्र्याचा मोह होतो. खायला ते उत्तम, पण त्याची साल सैल आणि पातळ, सुरीने काढताना फाटते आणि पिळताना मोडते. शिवाय वास वेगळ्या जातीचा. बाजारात "इम्पोर्टेड" म्हणून मिळणारं घट्ट, जाड सालीचं संत्रं घ्या. ते नसेल तर कडक सालीची मोसंबी बरी, वास सौम्य पण स्वच्छ येतो. फळावर मेणाचा थर असतो, म्हणून कोमट पाण्याने चोळून धुवा.

> तपासणी: रुपयाएवढा सालीचा तुकडा कापा, आतला पांढरा भाग शक्य तितका काढून टाका. कोरड्या स्टीलच्या ताटलीवर धरून रंगीत बाजू खाली ठेवत चिमटीत दाबा. ताटलीवर बारीक तेलकट शिंतोडे उमटले तर साल कामाची. काहीच उमटलं नाही तर फळ जुनं आहे.

मिठाचं पाणी. एक चमचा मीठ चार चमचे पाण्यात विरघळवून छोट्या बाटलीत ठेवा. लागणार फक्त थेंब.

## टप्पा ३: आधी नुसती चव घ्या, पण क्रमाने

हा टप्पा नको वाटतो, पण करा. काय सांभाळायचं आहे ते कळल्याशिवाय सांभाळता येत नाही.

श्रीखंड, मिठाई किंवा गोड चहानंतर लगेच काम्पारी चाखू नका. तोंडात गोड असताना कडू दुप्पट जाणवतं. दात घासल्यावरही नको. जेवणाआधी, थोडी भूक असताना घ्या. इटलीत ती प्यायची वेळही तीच, संध्याकाळी जेवणाच्या आधीची.

1. छोट्या ग्लासात १० मिलि, बर्फाशिवाय. आधी वास घ्या: संत्र्याची साल, काहीशी औषधी मुळं, गोडसर मसाला. अगदी छोटा घोट जिभेवर फिरवा. पहिल्या क्षणी गोड लागेल, मग फळाचा आणि सालीचा वास, आणि गिळल्यावर कडू चढत जाईल. शेवटी जिभेच्या कडांना थोडं तुरट. ही साखळी ओळखता आली की पुढचं सोपं.

2. त्यात तेवढंच गार पाणी घाला आणि पुन्हा चाखा. पाकाचा जडपणा गेला, वास मोकळा झाला. कडू गेलं नाही, पण आता ते अंगावर येत नाही.

3. मिठाच्या पाण्याचा एकच थेंब टाका, ढवळा, चाखा. इथे बहुतेकांचे डोळे मोठे होतात. मीठ कडू दाबतं आणि संत्रं पुढे आणतं. पण खारट लागलं तर थेंब जास्त झाला.

काम्पारीची कृती गुप्त आहे, त्यामुळे "यात अमुक ६० वनस्पती आहेत" वगैरे जे छातीठोकपणे सांगतात त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. अपेरोलबाबतीत मात्र काही घटक उघड आहेत: कडू आणि गोड संत्री, जेन्शियन, सिंकोना आणि रुबार्ब. आपल्याला ही मंडळी वाटतात तेवढी परकी नाहीत. जेन्शियनचं मूळ आणि आपलं काडेचिराईत एकाच वनस्पतिकुळातले. रुबार्बच्या जातभाईचं मूळ आपल्याकडे रेवंदचिनी म्हणून मिळतं. सिंकोनाची साल म्हणजे क्विनीनचा उगम. ज्यांनी लहानपणी काडेचिराइताचा काढा प्यायला आहे त्यांना ही कडू चव लगेच ओळखू येते, फरक इतकाच की इथे तिला साखर आणि संत्र्याची सोबत आहे.

> तपासणी: तिसऱ्या घोटानंतर तोंडाला पाणी सुटलं पाहिजे. कडवट चवीचं ते कामच आहे. कोरडंच वाटत असेल तर घोट मोठा घेतला गेला किंवा पोट भरलेलं आहे.

## टप्पा ४: काम्पारी आणि सोडा

सगळ्यात सोपं पेय आणि सगळ्यात जास्त बिघडवलं जाणारं. सुरुवात याच्यापासूनच करा.

1. उंच, गार ग्लासात फ्रिजमधली काम्पारी ४५ मिलि.
2. ग्लास तिरका धरून कडेने गार, साधा सोडा ९० ते १२० मिलि. नवी बाटली फोडा. कालची उघडी चालणार नाही.
3. चमच्याने तळापासून एकदाच हलकेच उचला. गरागरा ढवळू नका.
4. सालीचा तुकडा वरून पिळा आणि आत टाका.

बर्फ घालायचा की नाही? मिलानच्या गॅलेरिया या छत असलेल्या बाजारपेठेतल्या काम्पारीनो या जुन्या बारमध्ये ती बर्फाशिवाय, कडक गार आणि जोरदार बुडबुड्यांसह देतात. सगळं साहित्य खरोखर गार असेल तर मीही बर्फ टाळायला सांगेन. मात्र मे महिन्यात पुण्यात गच्चीवर बसला असाल तर बर्फ घाला, तोही ग्लास गच्च भरून. दोन-तीन खडे तरंगत ठेवणं हा सगळ्यात वाईट पर्याय, ते भराभर वितळतात आणि पेय कोमट पाणचट होतं.

लिंबू-सोडा नको, कारण वर सांगितलं. टॉनिक वॉटरनेही पेय छान होतं, पण त्यात साखर आणि क्विनीन दोन्ही असतात. म्हणजे गोडही वाढतं आणि कडूही. नवख्याने तिथून सुरुवात करू नये.

ताकदीचा हिशेब: ४५ मिलि काम्पारीत सुमारे ११ मिलि शुद्ध अल्कोहोल, म्हणजे व्हिस्कीच्या एका स्मॉल पेगपेक्षा किंचित कमी.

## टप्पा ५: व्हर्मुथ आली की शिस्त वाढवा

पुढच्या दोन्ही पेयांत लाल, गोड व्हर्मुथ लागते. लेबलवर "रोसो" लिहिलेली घ्या. फिकट "ड्राय" इथे बसत नाही.

व्हर्मुथ ही मुळात वाइन आहे, साधारण १६ टक्क्यांची, वनस्पतींनी सुवासिक केलेली. तिच्यातली मुख्य कडू वनस्पती आर्टेमिसिया वंशातली, म्हणजे देवाला वाहतो त्या दवण्याची भावंडं. वाइन असल्यामुळे उघडल्यावर ती बिघडते, आणि नेमकं हेच कुणी लक्षात घेत नाही. वर्षभर शोकेसमध्ये उभ्या असलेल्या व्हर्मुथने केलेली नेग्रोनी आंबट, शिळी आणि उगाच कडू लागते, आणि बोल लागतो काम्पारीला. बाटली उघडली की फ्रिजमध्ये ठेवा, दीड-दोन महिन्यांत संपवा. शक्यतो छोटी बाटली घ्या. वास घेतल्यावर व्हिनेगर आठवलं तर सरळ सिंकमध्ये.

अमेरिकानो आधी करा, नेग्रोनी नंतर. बर्फाने भरलेल्या ग्लासात ३० मिलि काम्पारी, ३० मिलि लाल व्हर्मुथ, वर ६० मिलिपर्यंत सोडा, एकदा ढवळा, संत्र्याची चकती. जिन नसल्याने ताकद स्मॉल पेगएवढीच राहते, आणि काम्पारी व व्हर्मुथचं एकमेकींशी कसं जमतं ते स्वच्छ कळतं.

## टप्पा ६: नेग्रोनी

प्रमाण सगळ्यांना पाठ असतं: जिन, काम्पारी, लाल व्हर्मुथ, प्रत्येकी ३० मिलि. बिघडतं ते ढवळण्यात.

1. जाड बुडाच्या बुटक्या ग्लासात वाटीतला मोठा खडा ठेवा. खडा ग्लासात बसतो का ते आधीच पाहून ठेवा.
2. दुसऱ्या भांड्यात, स्टीलचा मोठा पेला चालेल, ट्रेमधला ताजा बर्फ अर्ध्याहून जास्त भरा. त्यावर तिन्ही घटक मापून ओता.
3. लांब चमचा कडेने फिरवत २०–२५ सेकंद ढवळा. चमच्याने बर्फ फोडायचा नाही, फक्त फिरवायचा. पेल्याला बाहेरून धुकं धरलं की थांबा.
4. गाळून मोठ्या खड्यावर ओता.
5. साल पिळा, ग्लासाच्या काठावर फिरवा, आत टाका.

शेकरमध्ये हलवू नका. हवा भरते, पेय गढूळ होतं, आणि नेग्रोनीची जी दाट, गुळगुळीत धार हवी ती जाते.

९० मिलि मिश्रणात ढवळताना २०–२५ मिलि पाणी उतरतं. हे पाणी कृतीचाच घटक आहे. "पातळ होईल" म्हणून पाच सेकंदांत आवरतं घेतलं की नेग्रोनी जळजळीत लागते, आणि मग लोक पुन्हा साखरेकडे वळतात.

> तपासणी: पहिला घोट कडू पण गोल लागला पाहिजे. टोचरा लागला तर आणखी दहा सेकंद ढवळायला हवं होतं. ग्लासातच फिरवून दोन मिनिटं थांबा. तरीही कडू जड जात असेल तर मिठाच्या पाण्याचे दोन थेंब, आणि पुढच्या वेळी व्हर्मुथ ३५ मिलि. काम्पारी कमी करत गेलात तर उरते ती नुसती जिन आणि वाइन.

> सावधान: चव मऊ असली तरी एका नेग्रोनीत सुमारे २५ मिलि शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे व्हिस्कीचा एक लार्ज पेग. एक प्यायल्यावरही गाडीच्या किल्लीला हात लावू नका.

पाहुणे आठ असतील तर दर वेळी ढवळत बसू नका. लिटरच्या बाटलीत तिन्ही घटक २४०–२४० मिलि आणि १७० मिलि पिण्याचं पाणी घालून फ्रिजमध्ये ठेवा. वाढताना ११० मिलि मोठ्या खड्यावर ओता, वर साल. पाणी आधीच पडलेलं असल्याने वेगळं ढवळायचं नाही. एवढ्या मिश्रणासाठी पाणी घालायला विसरणं ही पार्टीतली ठरलेली चूक.

## टप्पा ७: स्प्रिट्झ

हे इटलीतल्या व्हेनेतो भागाचं पेय. प्रमाण ३–२–१: प्रोसेको (इटालियन स्पार्कलिंग वाइन) ९० मिलि, अपेरोल ६०, सोडा ३०. मोठ्या वाइन ग्लासात काठापर्यंत बर्फ भरा.

इथे क्रमाला महत्त्व आहे. आधी प्रोसेको, मग अपेरोल, शेवटी सोडा. अपेरोलमध्ये साखर असल्याने ती जड असते. आधी ओतली तर तळाशी बसते, मग ती वर आणायला ढवळावं लागतं आणि ढवळताना बुडबुडे जातात. वाइनवर ओतली की उतरताना आपोआप मिसळते. ग्लासातला केशरी रंग वरपासून खालपर्यंत सारखा दिसला म्हणजे जमलं.

प्रोसेको महाग पडते. नाशिककडची स्पार्कलिंग वाइन इथे छान चालते, पण "ब्रूट" घ्या. "एक्स्ट्रा ड्राय" हे नाव कोरडं वाटतं, प्रत्यक्षात ती ब्रूटपेक्षा गोड असते. बाटली नीट गार नसेल तर उघडताना फेस ओट्यावर जातो. बूच धरून ठेवा आणि बाटली फिरवा.

काम्पारीचा स्प्रिट्झ करायचा तर पहिल्यांदा ४५ मिलिच घ्या. व्हेनिसमध्ये सेलेक्ट घालून करतात त्यात संत्र्याऐवजी हिरवं ऑलिव्ह टाकतात. त्याचा खारटपणा तेच काम करतो जे आपण मिठाच्या थेंबाने केलं.

## सोबत काय

खारट आणि तळलेलं. इटलीत ऑलिव्ह, बटाट्याचे वेफर्स, खारवलेला सुकामेवा. घरी खारे शेंगदाणे, साधे वेफर्स, चीजचे तुकडे. गोडसर चिवडा नको. झणझणीत शेव किंवा मिरचीची भजी हौसेने ठेवतात, पण तिखटाने तोंड पोळल्यावर कडू बोचतं आणि संत्र्याचा वास हरवतो. तिखट जेवणात येऊ द्या.

## उरलेली बाटली

काम्पारी फ्रिजमध्येच ठेवली पाहिजे असं नाही, कपाटात वर्षभर नीट राहते. फक्त ऊन नको, रंग आणि वास दोन्ही उतरतात. अपेरोल ११ टक्क्यांची असल्याने उघडल्यावर फ्रिजमध्ये बरी, काही महिन्यांत संपवा. बाटल्या उभ्या ठेवा. ओतून झाल्यावर तोंड ओल्या फडक्याने पुसून मगच झाकण लावा, नाहीतर आट्यांत पाक सुकून झाकण घट्ट बसतं. तसं बसलंच तर पक्कड घेऊन ओढाताण करू नका. गरम पाण्यात भिजवलेलं फडकं मिनिटभर झाकणाभोवती धरा, साखर विरघळली की ते हाताने फिरतं.